पायातून शिरणारा जंत : हुकवर्मबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी लॅब टेक्निशियन आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याकडच्या तालुक्यांत बरीच वर्षं नोकरी झाली, आता शहरात असते. नमुन्याची डबी खिडकीतून आत सरकवताना लोक जे विचारतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून ठेवलेत. काही रुग्णांचे, काही आशाताईंचे, दोन-तीन माझ्या सासूबाईंचे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. पण हुकवर्मची अंडी मी इतकी पाहिली आहेत की डोळे मिटले तरी दिसतात.

हुकवर्म म्हणजे तो शीतून पडणारा लांब पांढरा जंत का?

नाही. गांडुळासारखा, वीतभर लांब असतो तो गोलकृमी. रात्री शीच्या जागी खाज आणणारे, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे दिसणारे ते सूतकृमी. हुकवर्म तिसराच. पाठ्यपुस्तकात त्याला अंकुशकृमी म्हणतात. लांबी जेमतेम १ सेंटिमीटर, जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी. लहान आतड्याचं अस्तर तोंडात धरून तो तिथेच बसतो आणि रक्त पितो. शीतून सहसा पडत नाही. म्हणून ‘आमच्याकडे कुणाला जंत पडलेच नाहीत’ या बोलण्याला हुकवर्मपुरता अर्थ नाही.

माणसात मुख्यतः दोन जाती सापडतात. अँकायलोस्टोमा ड्युओडिनेलच्या तोंडात दात असतात, नेकेटर अमेरिकॅनसच्या तोंडात धारदार पात्या. भारतात दोन्ही आहेत. पहिली १८३८ मध्ये मिलानमध्ये अँजेलो डुबिनी या डॉक्टरांना एका मृत बाईच्या आतड्यात सापडली. दुसरीचं वर्णन १९०२ मध्ये अमेरिकेत झालं आणि तिच्या नावाचा अर्थ चक्क ‘अमेरिकी मारेकरी’ असा होतो.

तो पोटात जातो कसा? काहीतरी घाण खाल्ल्यानेच ना?

हा प्रश्न रोजचा, आणि माझं उत्तर ऐकून समोरचा हमखास स्वतःच्या पायांकडे बघतो. हुकवर्म बहुतेक वेळा तोंडातून नाही, पायाच्या कातडीतून शिरतो.

बाधित माणूस उघड्यावर बसला की शीबरोबर हजारो अंडी मातीत जातात. नेकेटरची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते, अँकायलोस्टोमाची १० ते ३० हजार. माती ओली, उबदार आणि सावलीतली असेल तर एक-दोन दिवसांत अंड्यातून अळी निघते. पाच ते दहा दिवसांत ती कातडी भेदण्याच्या लायकीची होते. मग ती काही खात नाही. अंगातल्या साठ्यावर तीन-चार आठवडे तग धरून मातीच्या वरच्या थरात वाट बघत बसते. अनवाणी पाय पडला की बहुधा बोटांच्या बेचक्यातून आत घुसते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून श्वासनलिकेने वर घशाशी येते, आपण आवंढा गिळतो आणि ती पोटात उतरते. पाय ते आतडं असा अख्खा शरीराचा फेरा. आतड्यात पोचून, मोठी होऊन अंडी घालू लागेपर्यंत पाच आठवडे किंवा त्याहून जास्त जातात. हा कालावधी लक्षात ठेवा, तपासणीच्या वेळी लागेल.

हे कळलं ते एका अपघाताने. १८९० च्या दशकात कैरोमध्ये आर्थर लूस हे संशोधक प्रयोगासाठी अळ्यांचं पाणी हाताळत असताना त्यांच्या हातावर थोडं सांडलं. जागा लाल झाली, खाज सुटली, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शीत अंडी सापडली. नव्या मुलींना हातमोज्यांचं महत्त्व सांगताना मी हीच गोष्ट सांगते. नियमावलीपेक्षा लवकर पटते.

अँकायलोस्टोमाच्या अळ्या मातीने माखलेल्या भाजीतून किंवा हातातून गिळल्या गेल्या तरी संसर्ग होऊ शकतो. नेकेटरला मात्र कातडीच लागते.

एकाच ताटात जेवलं, कपडे वापरले, तर लागतो का?

नाही. ताज्या शीतली अंडीसुद्धा लगेच कुणाला लागत नाहीत, त्यांना मातीत काही दिवस मुरावं लागतं. आणखी एक, हा जंत पोटात पिलावळ वाढवत नाही. आतड्यात शंभर असतील तर शंभर अळ्या वेगवेगळ्या शिरल्या आहेत, एकेक करून.

नाशिक जिल्ह्यात धोका कुठे? आमच्याकडे तर काळी जमीन आहे.

प्रश्न विचारणारे निफाडचे काका होते आणि प्रश्न हुशारीचा होता. चिकण काळ्या मातीत या अळीला फारसं सुख नाही. तिला हवा खेळणारी, भुसभुशीत, वाळूमिश्रित, ओली माती आवडते. कोरडं ऊन पडलं की मरते. पूर्ण पाण्याखाली बुडालेल्या चिखलातही अंडी नीट वाढत नाहीत, कारण त्यांना हवा लागते.

आता जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेला येवल्याला त्याच्या पाव हिस्साही नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात महिनोन्‌महिने ओल, झाडोरा, उताराच्या वरकस जमिनी, आणि अनवाणी काम. अळीला पूर्वेपेक्षा पश्चिम मानवते, ती याच कारणांनी.

पण काकांना मी निर्धास्त केलं नाही. द्राक्षबागेत मांडवाखाली दिवसभर सावली असते आणि ठिबकमुळे माती ओली राहते. पाऊस संपल्यावरही तिथे अळीला हवं ते सगळं तयार असतं, फक्त माणसाची शी पडायची बाकी असते. गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या बागेवरच मुक्कामाला असतात. मजुरांसाठी पत्र्याची खोली बांधली जाते, संडास मात्र बांधायचा राहतो. मग ज्याची सोय नाही तो बागेच्या टोकाला जातो, आणि सकाळी त्याच ओळीत सगळे अनवाणी काम करतात. शहराच्या कडेला उभ्या राहणाऱ्या बांधकामांवरही हेच चित्र असतं.

ही अळी जमिनीवर आडवी फार तर काही इंच सरकते. म्हणजे धोका गावभर पसरलेला नसतो, तो ठरावीक जागेत दाटलेला असतो. ओढ्याकाठची झुडपं, बांधाची कड, रोज टमरेल घेऊन जायची ती जागा. आणि तिथे आपण रोज जातो, बहुतेकदा अनवाणी.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात खाज येते. ती हीच का?

बहुतेक वेळा त्या चिखल्या असतात. पाय सतत पाण्यात राहून कातडी पांढरी पडते, फाटते, आग होते, आणि त्यावर बुरशी येते. हुकवर्मची खाज वेगळी. अळी शिरली तिथे बारीक लाल पुरळ येतो, कधी पाणी भरलेले फोड, आणि जबर खाज. काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत आपोआप जाते. चिखल्या मात्र पाय कोरडे ठेवल्याशिवाय हटत नाहीत. दोन्ही एकाच पायावर असू शकतात, त्यामुळे नुसतं बघून मी कधी छातीठोक सांगत नाही.

पुरळानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी कोरडा खोकला, घशात खवखव होऊ शकते. अळ्या तेव्हा फुप्फुसातून जात असतात. पावसाळ्यातला खोकला म्हणून तो निघून जातो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही.

एवढासा जंत रक्त पिऊन पिऊन किती पिणार?

हिशेब करूया. नेकेटरचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो. शंभर जंत असतील तर दिवसाला ३ मिलिलिटर, महिन्याला ९०. म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाचा ग्लास. चार महिन्यांत ३६० मिलिलिटर, रक्तदान शिबिरात घेतात त्या बाटलीहून थोडं जास्तच. रक्तपेढी बायकांना दोन रक्तदानांमध्ये चार महिने थांबायला सांगते आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर मुळात घेतच नाही. इथे मात्र हिमोग्लोबिन ८ असलेली बाई दर चार महिन्यांनी एक बाटली देते आहे, बिस्कीट-कॉफीसुद्धा न मिळता.

अँकायलोस्टोमा याहून हावरट, दिवसाला एका जंतामागे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर. शंभर जंत म्हणजे २० मिलिलिटरपर्यंत.

लोहाचा हिशेब असा. १ मिलिलिटर निरोगी रक्तात जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. ३ मिलिलिटर गेलं की दीड मिलिग्रॅम गेलं. त्यातलं थोडं आतडं पुन्हा शोषून घेतं, पण अन्नातून आपण दिवसाला मुळात १ ते २ मिलिग्रॅम लोहच शोषतो. वर पाळीत जातं ते वेगळं. भाकरी, डाळ, पालेभाजी रोज पोटात जाऊनही काही बायकांचं रक्त का वाढत नाही, ते या आकड्यांत आहे.

दहा-वीस जंत असतील आणि खाणंपिणं बरं असेल तर माणसाला काही जाणवतही नाही. किती जंत आहेत आणि शरीरात लोहाची शिल्लक किती, यावर सगळं ठरतं.

मग लक्षणं काय दिसतात?

सुरुवातीला पोटात वरच्या बाजूला दुखणं, मळमळ, कधी जुलाब. पण लोक त्यासाठी येत नाहीत. येतात ते वेगळ्याच तक्रारी घेऊन : अंगात त्राण नाही, चढ चढताना धाप लागते, छाती धडधडते, पायऱ्यांवर डोळ्यांपुढे अंधारी येते. पापणी खाली ओढली की आत पांढरट. नखं चपटी, कधी चमच्यासारखी खोलगट. आजार जुना आणि जंत फार असतील तर रक्तातली प्रथिनंही घटतात, मग पायांवर, चेहऱ्यावर सूज येते. लोकांना वाटतं तब्येत भरली.

माती, भिंतीचा पोपडा, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हेही बघा. आपल्याकडे माती खाल्ल्याने जंत होतात असं म्हणून पोराला धपाटा मिळतो. पुष्कळदा गाडी उलटी असते. लोह कमी झाल्यामुळे माती खावीशी वाटते. मारण्याऐवजी रक्त तपासा.

एक गोष्ट मनात सलते म्हणून सांगते. मुकादम म्हणतो, ‘अमक्या पाड्याची माणसं कामाला ढिली आहेत.’ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरीब शेतकऱ्यांबद्दल हेच म्हटलं जायचं. तिथे हुकवर्म सापडला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला ‘आळसाचा जंतू’ असं नाव ठेवून थट्टा केली. पुढे १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून तपासणी, औषध आणि संडास यांची मोहीम उभी राहिली, आणि ती ‘ढिली’ माणसं आजारी होती हे लोकांना दिसलं. त्याआधी, १८८० च्या सुमारास, आल्प्समधल्या सेंट गोटहार्ड बोगद्याचे मजूरही असेच पांढरेफटक पडत होते. बोगद्यात ऊब, ओल, आणि संडास नाही.

मुलगा झोपेत दात खातो, तोंडावर पांढरे डाग आहेत. जंतच ना?

दोन्हींचा जंतांशी संबंध नाही. डाग बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. आणि गूळ-साखर खाल्ल्यानेही जंत होत नाहीत. सासूबाईंना हे अजून मान्य नाही.

मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो का?

लोहाची कमतरता बराच काळ राहिली तर वाढ खुंटते, लक्ष लागत नाही, शिकण्याची गती मंदावते. आश्रमशाळेतल्या पोरांबद्दल ‘वर्गात पेंगतात’ अशी तक्रार येते तेव्हा शिक्षकांनी एकदा हिमोग्लोबिनचा विचार करावा. पेंगणाऱ्या प्रत्येक मुलाला जंत असतात असं मात्र नाही. काहींना फक्त गणित आवडत नसतं.

गरोदर बाईला धोका जास्त असतो का?

हो, कारण बाळासाठी लोहाची गरज वाढलेली असते आणि बहुतेक जणी मुळात कमी शिलकीवर गरोदर राहतात. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी असल्याचं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलं आहे. त्यात हुकवर्मची भर पडली तर बाळंतपणात रक्त गेल्यावर सावरायला हातात काही उरत नाही, बाळही कमी वजनाचं होऊ शकतं.

जंताची गोळी पहिल्या तीन महिन्यांत घेत नाहीत. सरकारी कार्यक्रमात ती दुसऱ्या तिमाहीत, एकदा, देतात. सिस्टर किंवा डॉक्टरांना विचारूनच. पाळी चुकली असेल आणि नक्की माहीत नसेल तर गोळी हातात देणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा, लाजू नका.

तपासणी कोणती करायची, आणि कधी?

शीची तपासणी. सलाइनच्या थेंबात शी कालवून, कव्हरस्लिप ठेवून मायक्रोस्कोपखाली बघतो. हुकवर्मचं अंडं लांबट गोल, पातळ पारदर्शक कवचाचं असतं आणि आत चार-आठ पेशींचा घोस. दिसायला, खरं सांगते, देखणं.

वेळेचं भान ठेवा. आवणीत जुलैमध्ये पायाला पुरळ आला म्हणून त्याच आठवड्यात शी तपासली तर काही सापडणार नाही, मादी अजून अंडी घालायला लागलेली नसते. तपासणी पोळ्याच्या पुढे करा. अँकायलोस्टोमाचं तर आणखी एक तंत्र आहे. त्याच्या काही अळ्या शरीरात निपचित पडून राहतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास जाग्या होतात. हे १९७३ मध्ये कलकत्त्याकडच्या अभ्यासातून पुढे आलं. बाहेर माती कोरडी असताना अंडी वाया का घालवायची, असा त्यांचा व्यवहार.

नमुना ताजा हवा. उन्हाळ्यात डबी दिवसभर पिशवीत राहिली तर अंडी डबीतच फुटतात, अळ्या निघतात, आणि हुकवर्म की दुसराच जंत हे ओळखायला घाम फुटतो. एका तपासणीत सापडलं नाही म्हणून जंत नाहीतच असंही नाही. थोडे जंत असतील तर वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा बघावं लागतं.

माझी एक चूक सांगते. सर्वेक्षणात अंडी मोजायला काटो-काट्झ नावाची पद्धत वापरतात. त्यात स्लाइड ग्लिसरीनने साफ होते, पण हुकवर्मची अंडी नाजूक, अर्ध्या-एक तासात तीही विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्लाइड लावल्या, जेवायला गेले, आल्यावर मोजल्या, आणि एका पाड्याला जवळजवळ स्वच्छ ठरवलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी ताज्या स्लाइड लावून समोर बसवलं. तेव्हापासून स्लाइड आधी, डबा नंतर.

शीबरोबर रक्ताची साधी तपासणीही करा. हिमोग्लोबिन पुरुषांत १३, बायकांत १२, गरोदरपणात ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय म्हणतात. रिपोर्टमध्ये इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसले तर डॉक्टरांच्या मनात जंतांची शंका येतेच.

औषध कोणतं आणि किती दिवस?

अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एक गोळी, चावून. एका डोसात शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांचा हुकवर्म जातो, उरलेल्यांचेही जंत बरेच कमी होतात. अंडी पुन्हा दिसली तर डॉक्टर पुन्हा देतात. मेबेंडाझोल घ्यायचं असेल तर तीन दिवसांचा, दिवसातून दोनदा १०० मिलिग्रॅमचा कोर्स बरा, एकच मोठी गोळी हुकवर्मवर कमी पडते. गोळीनंतर थोडं पोट दुखणं, मळमळ होऊ शकते, ती बहुधा आपोआप ओसरते. पूर्वी फिट आलेल्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना सांगावं.

शाळेत पोरांना गोळी मिळते. मग घरात आम्हाला काय गरज?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा.

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत, महाविद्यालयात अल्बेंडाझोल फुकट मिळतं. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, चुरून. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांसाठी पुढे आणखी एक दिवस ठेवतात. कार्यक्रम चांगलाच आहे, पोरांना जरूर पाठवा.

पण गोलकृमी लहान मुलांत जास्त, तसं हुकवर्मचं नाही. याचा संसर्ग वयाबरोबर वाढत जातो आणि मोठेपणीही तसाच राहतो, कारण मातीत पाय घालून राबणारी माणसं मोठी असतात. शाळेत गोळी खाऊन मुलगी घरी येते, तेव्हा तिची आई, आजी आणि बाप तिघेही कार्यक्रमाच्या बाहेर असतात. मग ती परसाकडे त्याच जागेवर जाते. उपचारानंतर वर्षभरात गावातला संसर्ग पुन्हा आधीच्या निम्म्याच्या आसपास येतो असं वेगवेगळ्या देशांत दिसलं आहे, आणि त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणून माझा आग्रह असा : घरातल्या एकाच्या शीत हुकवर्म सापडला तर जे जे शेतात जातात त्या सगळ्यांची तपासणी करा, विशेषतः ज्या बाईचं रक्त लोहाच्या गोळ्या खाऊनही वाढत नाही तिची. तिला वर्षानुवर्षं लाल गोळ्यांची पाकिटं मिळतात आणि ‘तू गोळ्या खातच नसशील’ अशी बोलणी. कधी कधी ती खात असते.

जंत गेले की रक्त आपोआप भरेल ना?

भरेल, पण फार सावकाश. लोहाच्या गोळ्या बरोबर घ्याव्याच लागतात, आणि हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साधारण तीन महिने, म्हणजे साठा भरतो. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, वर लिंबू पिळलेलं वरण-भात उत्तम. शी काळी होते ती लोहामुळे, घाबरू नका. मात्र लोहाची गोळी चालू नसताना शी डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, बसल्या जागी धाप, किंवा अंगावर सूज असेल तर गोळ्यांवर थांबू नका, मोठ्या रुग्णालयात जा.

वावडिंग, ओवा, कारल्याचा रस चालेल का?

वावडिंगाचं नाव कृमींसाठी आपल्याकडे फार जुनं आहे आणि बाळगुटीतही ते असतं. घ्यायचं तर घ्या, पण रक्त कमी झालेल्या माणसाला त्यावर महिनोन्‌महिने ठेवू नका. रिपोर्टमध्ये अंडी असतील तर अल्बेंडाझोलच.

कुत्र्यांपासून होतो का?

कुत्र्या-मांजरांचे हुकवर्म वेगळे. त्यांच्या अळ्या आपल्या कातडीत शिरल्या तर बहुधा वाट चुकतात आणि कातडीखालीच फिरत राहतात. पायावर नागमोडी लाल रेघ उमटते, रोज थोडी पुढे सरकते, खाज प्रचंड. मुलं वाळूच्या ढिगावर खेळून आल्यावर असं दिसू शकतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. अँकायलोस्टोमा सिलॅनिकम ही जात मात्र कुत्र्या-मांजरांतून येऊन माणसाच्या आतड्यातही वाढते, आणि ती आशियात आढळते. घरच्या कुत्र्याला जंताचं औषध वेळेवर द्या.

श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करतो, नवरात्रात गडावर अनवाणी जातो. सोडू का?

मी कुणाला श्रद्धा सोडायला सांगत नाही, स्वतः एकदा तिसऱ्या सोमवारी फेरी केली आहे. डांबरी रस्त्यावर, दगडाच्या पायऱ्यांवर धोका नगण्य. धोका आहे तो फेरीत मधेच आडोशाला जाताना, कारण आधी गेलेल्या हजारोंनी तीच झुडपं निवडलेली असतात. तेवढ्यापुरती पिशवीतली स्लिपर काढून घाला. देव त्याला हरकत घेणार नाही.

खाचरात चप्पल रुतते, गमबूट अडकतो. करायचं काय?

खरं आहे, आणि ‘नेहमी पादत्राणे वापरा’ असं पोस्टर करणाऱ्याने एकदा चिखलणीत उतरून बघावं. खुद्द पाणी भरलेल्या खाचरापेक्षा बांध, राबाच्या (भाताची रोपं वाढवतात त्या वाफ्याच्या) आसपासची ओली माती आणि परसाकडची जागा यांची मला जास्त काळजी वाटते. तिथे चप्पल घालता येते. बागेत, भाजीच्या वाफ्यात तर बूट सहज चालतात.

खरा उपाय संडास. दोन खड्ड्यांचा असेल तर एक भरल्यावर दुसरा सुरू करायचा आणि भरलेला किमान वर्षभर बंद ठेवायचा. तोवर जंतांची अंडी-अळ्या मरतात आणि आत उरतं ते वास नसलेलं खत. न मुरलेलं सोनखत, किंवा सेप्टिक टँक उपसून आणलेला टँकर, थेट शेतात सोडणं मात्र बंद करा. पैसे वाचतात, पण मजुरांच्या पायांच्या जिवावर. आणि घरी संडास बांधला तरी माणूस दिवसाचे दहा तास शेतावर असतो, तिथली सोय कोण करणार हे बागायतदारांनी ठरवावं.

परदेशात लोक मुद्दाम हे जंत अंगात घेतात म्हणे?

हो. हुकवर्म जगून राहण्यासाठी आपली प्रतिकारशक्ती थोडी शांत करतो, म्हणून दमा, ॲलर्जी, सिलिॲकसारख्या आजारांत त्याचा उपयोग होईल का यावर प्रयोग झाले. नॉटिंगहॅमच्या डेव्हिड प्रिचर्ड या प्राध्यापकांनी २००४ मध्ये ५० अळ्यांची पट्टी स्वतःच्या दंडाला लावली होती. तिथे मोजून, चांगलं खाणाऱ्या माणसावर, डॉक्टरांच्या नजरेखाली. ‘म्हणजे थोडे असलेले बरे’ असा अर्थ आपल्याकडच्या एका भाऊंनी काढला. त्यांचं हिमोग्लोबिन ९ होतं.

याची लस नाही का?

बाजारात नाही. संशोधन चालू आहे.

मॅडम, नमुना काडेपेटीतून आणला तर चालेल का?

पुठ्ठा ओल शोषून घेतो आणि नमुना वाळतो. लॅबमधून प्लास्टिकची डबी फुकट मिळते, मागून घ्या. बोराएवढा नमुना पुरे, त्यात लघवी किंवा पाणी जाऊ देऊ नका, झाकणावर नाव आणि वेळ लिहा, आणि शक्यतो तासा-दोन तासांत आणा. पाड्यावरून पहिली एसटी चुकली आणि काडेपेटीशिवाय काही हाताशी नसेल, तर त्यातच आणा. बघेन मी, फक्त काड्या शिल्लक असलेली पेटी घरी ठेवा.